रुमालाखालचा हात

शिवराम डुंबरेचा उजवा हात वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात देवाच्या खालोखाल मानला जात असे. निदान शिवरामचा तसा समज होता, आणि तो खोडून काढण्याचं धाडस कुणी केलेलं नव्हतं.

ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. बाजार खाडी ओलांडून मुंबईहून वाशीला आला होता, पण सौद्याची रीत जुनीच होती. भाव तोंडाने बोलायचा नाही. गाळ्यावर कांद्याचा ढीग पडला की शिवराम खांद्यावरचा रुमाल उजव्या हातावर टाकी आणि घेणारा व्यापारी त्या रुमालाखाली आपला हात सरकवी. पुढचं सगळं बोटं बोलत. दोन बोटं धरली की दोन, चार धरली की चार, अंगठा धरला की पाच. शिवरामला भाव पटला नाही तर तो समोरच्याची बोटं धरून वरचा आकडा सांगे. असं दोनचारदा झालं, की ज्याला पटलं त्याने समोरचा सगळा पंजा करकचून आवळायचा. पंजा आवळला की सौदा पक्का. मग साक्षात ब्रह्मदेव आला तरी त्यात बदल नाही. या सगळ्या वेळात दोघांनी इकडेतिकडे बघत, जांभया देत उभं राहायचं. ज्याचा कांदा तो शेतकरीही बाजूला उभा राही आणि आळीपाळीने दोघांच्या जांभया बघे.

शिवराम नंदकुमारशेठच्या गाळ्यावर विक्रीचा माणूस होता. ओतूर-जुन्नरकडचे शेतकरी ट्रक भरताना ड्रायव्हरला बजावत, "शिवरामभाऊच्या हातात दे." हे कानावर आलं की त्याची छाती दोन इंच फुगे. छाती फुगत होती तोवर ठीक होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी बोटं फुगायला लागली.

सकाळी उठावं तर दोन्ही हातांच्या मुठी वळलेल्या, आणि उघडायचं नाव नाही. त्याची बायको सुंदराबाई चहाचं आधण ठेवायच्या आधी नवऱ्याचं एकेक बोट सोडवत बसायची. मग तो कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून तासभर बसे. दुखणं दहा वाजता उतरायचं आणि बाजार आठला सुरू व्हायचा. दोष अर्थातच खाडीच्या हवेला दिला गेला. डुंबऱ्यांच्या घरात पापड मऊ पडले तरी खाडीची हवा आणि मुलगी गणितात नापास झाली तरी खाडीचीच हवा.

बाजारात मात्र शिवरामने चकार शब्द काढला नाही. त्याला कारण होतं. पूर्वी बाजार मुंबईत मशीद बंदरला असताना एका जुन्या विक्रीवाल्याचा हात वाऱ्याने गेला होता. शेठलोकांनी त्याला काढलं नाही, मोठ्या मनाने रिकामी गोणपाटं मोजायला बसवलं. कालपर्यंत ज्याच्या हाताला बाजार नमस्कार करायचा तो माणूस कोपऱ्यात धूळ खात बसलेला शिवरामने रोज पाहिला होता. मरण आलं तर चालेल, पण गोणपाटं नकोत, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. सुदैवाने रुमाल होताच. ज्या रुमालाने आजवर भाव झाकले तोच आता सुजलेले सांधे झाकू लागला, आणि शिवराम दात आवळून जांभया देऊ लागला.

कुणीतरी कोपरखैरण्याच्या गावठाणातला एक पुडीवाला सुचवला. त्याची तपकिरी पुडी मधातून घ्यायची. तीन दिवस घेतली आणि चौथ्या दिवशी शिवरामची मूठ लहान पोराच्या मुठीसारखी उघडली नि मिटली. आनंदाने त्याने सुंदराबाईला फुगडीसाठी हात पुढे केला. तिने तो झटकला, पण हसली. चार महिन्यांत शिवरामचे गाल गरगरीत झाले, भूक वाढली, मानेमागे मांस चढलं. नंदकुमारशेठ म्हणाले, "वाशी मानवली रे तुला!" सुंदराबाईला मात्र ते गाल काही मानवले नाहीत. ती म्हणाली, "तोंड भोपळा आन् पाय काटक्या. ही कसली तब्येत?"

मग पुडीवाला पुतणीच्या लग्नाला गावी गेला तो महिना झाला तरी परत येईना. पुड्या संपल्या आणि आठ दिवसांत शिवरामला कूस बदलायलाही दोन माणसं लागू लागली. सुंदराबाईने त्याला रिक्षात कोंबून डॉक्टर सुनीतीबाईंच्या दवाखान्यात आणलं. बाई वयाने लहान, अंगाने किरकोळ आणि आवाजाने फौजदार होत्या. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे गाल तुमचे स्वतःचे का?"

शिवराम गोंधळला. बाईंनी बोटं दाबली, गुडघे दाबले, रक्त तपासून आणवलं आणि सांगितलं, की हा आमवात आहे, हट्टी आहे, मुळासकट जायचा नाही. पण ताब्यात ठेवता येतो. पुडीत बहुतेक स्टेरॉईड कुटून घातलेलं असणार. म्हणून एवढा आराम, म्हणून हे गाल, आणि म्हणूनच ती एकाएकी बंद पडल्यावर ही दशा.

"डॉक्टरीणबाई," शिवराम काकुळतीला येऊन म्हणाला, "गुडघं जाऊ द्या, खांदं जाऊ द्या. ह्यो उजवा हात तेवढा ठेवा. माझं समदं हातावर हाय."

"हातच ठेवायचाय. पण माझ्या पद्धतीने. सकाळी न्याहारी झाल्यावर ह्या दोन गोळ्या घ्यायच्या, स्टेरॉईडच्याच, पण मोजून. महिन्याने दीड, मग एक, मग अर्धी."

शिवरामच्या अंगातला बाजार जागा झाला. "दीड लई खाली व्हतंय. पावणेदोन धरा."

"गोळीचे चार तुकडे कोण करणार?"

"मंडळी करंल. किसणीवर."

"दीड."

"तुमचं न्हाई, माझं न्हाई, दोन म्हयन्यानं दीड?"

"डुंबरे, हा कांदा नाही," बाई म्हणाल्या. एकाच भावावर इतका वेळ ठाम राहणारा माणूस शिवरामला तीस वर्षांत भेटला नव्हता. त्याला बाईंविषयी आदर वाटू लागला.

बाईंनी पुढे सांगितलं, की स्टेरॉईड हा नुसता टेकू आहे. खरा इलाज म्हणजे सोन्याची इंजेक्शनं. आठवड्याला एक, कमरेत. गुण यायला चार-सहा महिने लागतील. तोवर धीर धरायचा आणि प्रत्येक वेळी आधी रक्त नि लघवी तपासायची.

"सोन्याची?" इतका वेळ गप्प बसलेली सुंदराबाई एकदम पुढे सरकली. "म्हंजे खऱ्या सोन्याची?"

"सोन्याचा क्षार असतो त्यात."

 घरी येऊन सुंदराबाईने दार लावलं आणि मग तिचा बांध फुटला. "लग्नात अर्ध्या तोळ्याची नथ घालतो म्हनले व्हते. चोवीस वर्सं झाली, माझ्या नाकाला गुंजभर न्हाई, आन् आता ह्यांच्या कुल्ल्यात सोनं! दर हप्त्याला!" संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या बिल्डिंगभर झाली. वरच्या मजल्यावरच्या विमलबाई मुद्दाम खाली येऊन चौकशी करून गेल्या, की एवढं सोनं अंगात साठल्यावर पुढे ते कसं काढतात. लघवी कशाला तपासतात या प्रश्नावर तर जिन्यात चर्चासत्र झालं. शेवटी सुंदराबाईनेच निकाल दिला, "वाया जातंय का बघत असतील."

पहिल्या वेळी शिवराम लघवी सरबताच्या बाटलीतून घेऊन गेला. तीही गळ्यापर्यंत भरलेली, आपल्याकडून काही कमी पडू नये म्हणून. बाईंनी डोक्याला हात लावला.

इंजेक्शनं सुरू झाली. गोळ्यांचं मात्र शिवरामने परस्पर आपलं गणित बसवलं. तो जन्मभर आवक बघून वागलेला माणूस. रविवारी बाजार बंद, म्हणून गोळी बंद. सोमवारी ट्रकांची रांग, म्हणून तीन. गुरुवारी माल कमी, म्हणून अर्धी. शेठ गावाला गेले तर सुट्टी. चतुर्थीला उपास, म्हणून रिकाम्या पोटी नको नि भरल्या पोटाची सोय नाही, सबब तीही उद्याच्या खात्यात. उरलेल्या गोळ्या तो कांद्याच्या वखारीसारख्या एका डबीत साठवून ठेवी, अडीअडचणीला असाव्यात म्हणून. एका मंगळवारी त्याला दवाखान्यातच भोवळ आली आणि बाईंनी उलटतपासणी घेतली तेव्हा हा सगळा कारभार उघडकीला आला.

बाई उभ्याच राहिल्या. "अहो, ती गोळी म्हणजे हमाल आहे का, माल आला की हाक मारायला? अशी मधेच तोडलीत तर एक दिवस बसल्या जागी कोसळाल. जास्त खाल्लीत तर हाडं भुसभुशीत होतील. मग हात कसला, मनगटही राहणार नाही. सोनं कामाला लागेपर्यंत मी सांगेन तेवढीच घ्यायची. जमणार नसेल तर उद्यापासून येऊ नका."

हाडं भुसभुशीत हे ऐकून शिवराम मनापासून घाबरला. त्याने साठवणीची डबी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याने ठरवलेला भाव मुकाट्याने मान्य केला. तेव्हापासून तो घड्याळ लावून गोळी घेऊ लागला. दोनाची दीड झाली, दीडाची एक झाली. गाल उतरले. पण बोटं पुन्हा ठणकू लागली. सोनं अजून वाटेतच होतं.

एप्रिलच्या मध्यावर, एका गोळीवर आल्याच्या चौथ्याच दिवशी, गंगारामचा ट्रक आला. गंगाराम ओतूरचा, खाऊन-पिऊन सुखी, हसतमुख माणूस. गेली पंचवीस वर्षं त्याचा कांदा शिवरामच्याच हातून विकला जात होता. त्या दिवशीचा ढीग असा होता, की बघणाऱ्याने नुसतं बघत राहावं. एकसारखा, लालबुंद, वरचं साल कुठे सुटलेलं नाही. गंगारामने येताना शिवरामसाठी बायकोने दिलेल्या बाजरीच्या भाकरीही आणल्या होत्या.

पहिला हात घालायला आला धर्मराज. बाजारातला मोठा खरेदीदार, दणकट गडी, शिवरामचा जुना जोडीदार. "काय भाऊ, गाल उतरले? बरं हाय न्हवं?"

"एकदम फस्क्लास!" शिवराम म्हणाला. माणसाने नको तिथे ऐट मारू नये ती अशी.

रुमाल पडला. धर्मराजने सुरुवातीचा पडेल भाव म्हणून शिवरामची दोन बोटं धरली. धरली म्हणजे काय, पूर्वी धरायचा तशी धरली. शिवरामच्या मधल्या बोटाच्या सांध्यातून अशी कळ निघाली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि त्याच्या हाताने त्याला न विचारता धर्मराजचा अख्खा पंजा करकचून आवळला.

सौदा पक्का झाला. सबंध बाजारातला त्या दिवशीचा उत्तम कांदा दोनाने गेला. कुजके बटाटेसुद्धा त्या दिवशी तीनाच्या खाली कुणी देत नव्हतं.

धर्मराज जांभई द्यायची विसरला. त्याने शिवरामकडे बघितलं. शिवराम घामाने भिजला होता.

"झालं का?" गंगारामने हसत विचारलं.

आता खरं म्हणजे काहीच करायची गरज नव्हती. रुमालाखाली काय झालं ते दोघांनाच ठाऊक. आज भाव पडेल होता, ट्रक फार आले, असं सांगितलं असतं तर गंगाराम "नशीब" म्हणून घरी गेला असता, आणि पुढच्या खेपेला पुन्हा भाकरी घेऊन आला असता. आणि खरं सांगितलं तर? तर आजपासून गोणपाटं. शिवरामच्या डोळ्यांपुढे तो मशीद बंदरचा कोपरा आला. एका गोळीने हे झालं नसतं, तीन खाल्ल्या असत्या तर हात ताब्यात राहिला असता, हेही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदाच सरळ वागल्याचा पश्चात्ताप झाला.

गंगाराम भाकरीचं फडकं सोडत होता. "गरम न्हाईत, पर ठेचा बी हाय बरं का."

शिवरामने रुमाल काढला.

"ह्यो बघा," तो म्हणाला, आणि उजवा हात सगळ्यांसमोर धरला. सुजलेले सांधे, वाकडं वळलेलं करंगळीशेजारचं बोट. "आमवात हाय. दीड वरीस झालं. म्या सौदा केला न्हाई, दुखलं म्हनून हात आवळला. गंगाराम, तुझा कांदा दोनाला गेला रं माझ्या पायी."

आजूबाजूचे हात रुमालाखालीच थांबले. नंदकुमारशेठ गादीवरून उतरून आले.  मग धर्मराज घसा खाकरून म्हणाला, "आमाला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"तुमचा हात. वरीस झालं. आवं, रोज हातात हात घालतो, मला कळंना व्हय? अख्ख्या गल्लीला ठावं हाय. भाऊंची बोटं हळू धरायची, असं आमचं ठरलंय. आज तुमी फस्क्लास म्हनला, म्हनून म्या जोर केला. माझीच चूक झाली."

शिवरामला वाटलं, आता गहिवरून यावं. आला तो राग. दीड वर्ष दात आवळले, जांभया दिल्या, बादलीत हात बुडवले, कुल्ल्यात सोनं टोचून घेतलं, कुणाला कळू नये म्हणून! आणि ही सगळी मंडळी त्याला फुलासारखी धरत होती! "मग सांगायचं न्हाई व्हय?" तो ओरडला.

"तुमीच झाकत व्हता. कसं सांगनार?"

प्रश्न सौद्याचा राहिला होता. आवळलेला पंजा मोडता येत नाही, यावर गल्लीचं एकमत होतं. एकदा मोडला तर उद्या कुणीही हात दुखला म्हणेल. धर्मराजलाही तो कांदा दोनाने घरी न्यायची लाज वाटत होती. शेवटी त्यानेच तोड काढली. "त्यो सौदा हातानं झाला, हातापुरताच ऱ्हाऊ द्या. आता तोंडानं बोला. नवा सौदा धरू."

"तोंडाने?" नंदकुमारशेठ दचकले. "सगळ्यांसमोर? भाव?" चारचौघांत धोतर सोडायला सांगावं तसा त्यांचा चेहरा झाला.

शिवरामने तोंड उघडलं.  तीस वर्षांत त्याने एकही भाव उच्चारला नव्हता. त्याचे कान लाल झाले. नव्या नवरीने नाव घ्यावं तसा तो खाली बघून पुटपुटला, "पाच."

"तीन," धर्मराजही लाजत म्हणाला.

"पाच. कांदा बघ की डोळं उघडून."

"साडेतीन."

"पावणेपाच."

दोघांची भीड चेपली आणि मग काय विचारता! शेजारच्या गाळ्यावरचे दोघे हात सोडून बघायला आले. एका तिसऱ्याच व्यापाऱ्याने मागून "सव्वाचार" असं ओरडून सगळ्यांची भंबेरी उडवली. साडेचाराला धर्मराजने कांदा घेतला.

गंगाराम फडकं हातात धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू कुठे गेलं होतं. "पंचवीस वर्सं कांदा आनतोय," तो हळूच म्हणाला, "माझ्या कांद्याचा भाव आज पयल्यांदा माझ्या कानानं ऐकला."

शिवरामने त्याच्या हातून भाकरीचं फडकं घेतलं. पंचवीस वर्षं हा माणूस त्याच्या शेजारी उभा होता, आणि आपल्या हाताच्या ऐटीत शिवरामच्या हे कधी मनातही आलं नव्हतं, की त्याला काहीच ऐकू येत नाही. त्याला फार लाज वाटली. सांध्यांचं दुखणं तो विसरला, म्हणजे पाच मिनिटं विसरला. मग ते पुन्हा आठवलं.

गोणपाटं मात्र टळली. नंदकुमारशेठ दोन दिवस धुमसले, पण तिसऱ्या दिवशी ओतूरहून तीन ट्रक आले आणि ड्रायव्हर विचारत आले, "बोलनारा गाळा कंचा?" शेठचा राग तिथल्या तिथे निवळला.

गोळी अर्धीवर आली. जुलैत एका सकाळी सुंदराबाई बोटं सोडवायला बसली तर ती आपली आपण सुटलेली. सोनं पोचलं होतं. "नाकात न्हाई तर न्हाई," ती म्हणाली, "कुठंतरी लागलं." आणि पदराने डोळे पुसून तिने आधण ठेवलं.

त्या दिवशी शिवराम नवा रुमाल खांद्यावर टाकून बाजारात गेला. गंगारामचा उन्हाळाभर गावी कांद्याच्या चाळीत साठवलेला कांदा आला होता. "हात बरा झाला," शिवरामने जाहीर केलं आणि पाचही बोटं उघडून मिटून दाखवली. धर्मराजने मनापासून आनंदून आपला हात पुढे केला. रुमाल पडला. शिवरामने हळूच धर्मराजची चार बोटं धरली. कुठे दुखलं नाही. त्याला वाटलं, आपलं घर आपल्याला परत मिळालं.

गंगाराम बाजूला उभा होता.  सवयीने तो दोघांच्या तोंडाकडे बघू लागला.

शिवरामने हात बाहेर काढला आणि रुमाल खांद्यावर टाकला. "चार!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला, की पलीकडच्या गल्लीतले हमालसुद्धा वळून बघायला लागले.